कोयनेलची बाटली

काठी गावाहून डोंगर उतरून एक आदिवासी बाप आमच्या शहाद्याच्या दवाखान्यात आला, तेव्हा त्याचा पोरगा घरी हिवतापाने फणफणत होता. मी कंपाउंडर. कोयनेलची बाटली भरून डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि बजावलं, "सगळं पोरालाच पाजायचं." पागोट्यात गुंडाळून त्याने ती नेली.

पुढच्या बाजाराला बाटली परत आली. राखेने घासलेली, पण पट्टी जराही भिजू न दिलेली. पोरगा गेला होता. शिकार असो की मध, डोंगरात सगळ्यांनी वाटून खायचं. तसं त्याने औषधही पाड्यात घोटघोट वाटलं होतं.

"समदासले ताप व्हता, दादा," तो मोडक्या अहिराणीत म्हणाला. "एकला मन्हा पोऱ्याले कसं पाजू?"

मग बाटली पुढे करून त्याने हळूच विचारलं, "बाकीनासले आजून ताप शे. भरी देशी का?"