ठरावाविना आलेला पंप

उज्वलाताई बोरस्ते राहायच्या नाशिकला आणि नोकरी करायच्या डोंगराकडच्या एका छोट्या नगरपंचायतीत, पाणीपुरवठ्याच्या अभियंता म्हणून. आसपासच्या शहरांतल्या पाणीवाल्या अधिकाऱ्यांची एक संघटना होती, तिच्याही त्या चिटणीस. संघटना कसली हो! वर्षातून एकदा नाशिकला जमायचं, शाल, नारळ, जेवण, फोटो, की झालं.

यंदा बैठकीच्या चार दिवस आधी ताईंच्या गावचा पंप जळाला. नवा यायला तीन आठवडे! कार्यालयात बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या. कुसाबाई तर रडकुंडीला आलेली. "मॅडम, नात दवाखान्यातून घरी आली. तिला न्हाऊ घालायला तांब्याभर पाणी नाय वो!"

बैठकीत शाल अंगावर पडायच्या आतच त्या उठल्या. "सत्कार राहू द्या. कुणाच्या गोदामात पंप पडून आहे?"

शेजारच्या शहराचे धनराज आहेर खाकरले. "आमच्याकडे आहे, कोरा करकरीत. पण दुसऱ्या गावाला द्यायचा तर सभेचा ठराव लागतो. सभा पुढच्या महिन्यात."

"आणि संघटनेच्या प्रशिक्षणाला यंत्र पाठवायचं असेल तर?"

"त्याला मुख्याधिकाऱ्यांची सही पुरते."

"मग ठरलं! उद्या आमच्या विहिरीवर प्रशिक्षण. विषय, पंप बसवणे. प्रात्यक्षिकासह, आमचा नवा पंप येईपर्यंत!"

अहो, काय टाळ्या पडल्या! एरवी धरणाच्या पाण्यावरून एकमेकांना खरमरीत पत्रं धाडणारी ही मंडळी. एकानं केबल कबूल केली, दुसऱ्यानं क्रेन, आणि आहेर सही आणायला निघाले.

दुसऱ्या दिवशी चौदा साहेब बाह्या सरसावून विहिरीवर हजर. दुपारी बटण दाबलं. पंप घरघरला, पण पाणी येईना! चौदा जणांची चौदा मतं, नुसता कल्ला. शेवटी गावचा पंप चालवणारा पुंजा चाचरत म्हणाला, "साहेब, उलटा फिरतोय तो."

एवढे अभियंते, पण वायरी उलट जोडल्यात हे एकाच्याही ध्यानात येऊ नये! ताईंना हसू आवरेना. पुंजानं दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाइप थरथरला. पाणी टाकीकडे निघालं तशा ताई गावात अक्षरशः पळत सुटल्या.

कुसाबाईच्या दारातला नळ आधी नुसताच फुसफुसला. मग गढूळ धार आली, हळूहळू निवळली. कुसाबाईनं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि घरात हाक मारली, "सूनबाई, चूल पेटव! पोरीला न्हाऊ घालू!"

साहेबीणपण विसरून ताई उंबऱ्यावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या.