उजवा कौल

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर तुळसाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तिच्या तोंडाला लागायची त्या रस्त्यावर कुणाची छाती नाही. पासपोर्ट फोटोला कुणी गॉगल लावून बसला की सरळ विचारते, चोरी करून आलास काय रे? नवरा गेला तेव्हा दीर सांगायला आले, दुकान विकून टाक. तिनं दिरांनाच दारातून परत पाठवलं आणि नवऱ्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागली. तेव्हापासून महाडपासून पार घाटाखालच्या वाड्यांपर्यंत लग्न कुणाचंही असो, फोटो तुळसाचे. आता गंमत बघा. नवरीला हळद लावायला विधवा चालत नाही, ओटी भरायला चालत नाही, पण त्या हळदीचा नि ओटीचा फोटो मात्र हिनंच काढायचा. सवाष्णी ओळीनं उभ्या करायच्या, हसा म्हणायचं, आणि आपण कॅमेऱ्यामागं राहायचं. हे तिला कायम डाचायचं. पण पोट कुणाला चुकलंय, म्हणून गिळायची.

तिच्या भावाची, भिकूची पोर सेजल. जन्मापासून तिचा उजवा हात मनगटात वळलेला, बोटं मुठीत मिटलेली. जोर लावला तर एखादं बोट उघडायचं, तेही दुखून. वाडीतली पोरं तिला ‘डावरी’ म्हणायची, आणि मोठी माणसं काही कमी नव्हती. प्रसादाला तिनं डावा हात पुढं केला की पुजारी आपला हात मागं घ्यायचा. सुट्टीत ती आत्याकडे यायची नि दिवसभर कॅमेऱ्याकडे बघत बसायची.

एके दिवशी तुळसानं तो तिच्या गळ्यात घातला. पण बटण उजवीकडे! कॅमेरा बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, कॅमेरा तिपाईवर चढवून झाला, आणि शेवटी वैतागून तुळसानं तो उलटाच धरला. तळ वर, डोकं खाली. बटण आपसूक डाव्या अंगठ्याखाली आलं, आणि भिंगाला खालून वळलेल्या मनगटाचा टेकू बसला. फोटो उलटा यायचा, तो कॉम्प्युटरवर फिरवला की काम झालं. आणि पोरीला नजर होती हो! एसटीतून उतरणाऱ्या एका म्हातारीचा फोटो तिनं काढला, एक पाय पायरीवर, एक अजून हवेत, आणि तोंडावर सगळी काळजी त्या हवेतल्या पायाची. तुळसा तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिली. इतक्या वर्षांत असा एक फोटो तिला स्वतःला सापडला नव्हता.

वाडीच्या मुंबई मंडळाचं दरवर्षी कॅलेंडर निघतं. वर शिमग्याच्या पालखीचा फोटो, खाली काढणाऱ्याचं नाव. वाडीतल्या घराघरात ते लागतं, मुंबईतल्या खोल्यांमध्येही लागतं. फोटो अर्थातच तुळसाचा असायचा. त्या वर्षी सेजलनं विचारलं, पालखी मी काढू का?

"कॅलेंडरवर माझं नाव आलं, की मग मला डावरी कोण म्हणंल, आत्या?"

तुळसानं त्याच संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरीला, अनिलला, फोन लावला. तो म्हणाला, वा वा, मस्त आयडिया.

शिमग्याला सेजल देवळासमोर उभी राहिली. पालखीत देव बसले होते, अजून उचलली नव्हती. तिनं हात बसवण्यासाठी एक फोटो काढला. देवळाचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या गावकाराला, येसाजीला, तो बघायची हौस आली. त्यानं कॅमेरा घेतला, सरळ धरला, आणि पडद्यावर देव डोकं खाली, पाय वर. म्हाताऱ्याचा चेहराच पडला. तुळसा समजावत होती की हा नुसता फिरवायचा असतो. पण तोवर आणखी चार जणांनी पोरीचा बटणावरचा डावा अंगठा बघितला होता. डाव्या हातानं देव काढला, म्हणून उलटा आला, असं होऊन बसलं. बायका कुजबुजायला लागल्या. सणाला आलेले मुंबईकर मोबाईलमध्ये बघायला लागले.

"दोन हात देवानंच दिले ना?" तुळसा म्हणाली. "त्यातला एक वाकडा दिला, तोबी त्यानंच दिला. मग त्याला कसला इटाळ?"

येसाजी म्हणाला, वाद नको, देवालाच विचारू. आणि कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सेजल दोन्ही फुलांकडे आळीपाळीनं बघत होती. उजवं फूल पडलं.

पोर टुणकन उडाली. आणि ही तुळसा, नवऱ्याच्या दहाव्यालाही चारचौघांत न रडलेली, तिचे डोळे भरून आले. देवाला तरी कळतं, असं तिला वाटलं.

येसाजीनं फुलाला हात जोडले.

"देवान उजवा दिला," तो म्हणाला. "म्हंजे उजव्या हातान काढूदे."

हां, बरोबर हाय, असं कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले. जन्मभर उजवा म्हणजे ‘हो’ समजणारी ही माणसं, आजच त्यांना उजवा म्हणजे हात वाटला! तुळसानं भावाकडे बघितलं. निदान बापानं तरी बोलावं. भिकू चपलेनं माती उकरत होता. "ताय, देवाच्या म्होरं नको," एवढंच तो म्हणाला.

खालूबाजा वाजायला लागला, पालखी उचलली. ती नाचायला लागली की कुणासाठी थांबत नाही. कॅमेरा उचलून निघून जावं, असं तुळसाच्या मनात येऊन गेलं. पण मग पोरीचं नावही जाणार. निदान नाव तरी येऊ दे. तिनं कॅमेरा सरळ धरला, पालखी चौकटीत घेतली, सेजलचा वळलेला हात वर ओढला, मिटलेलं बोट उपसून बटणावर टेकवलं, वर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देव पावला म्हणाले.

त्यानंतर सुट्ट्या आल्या नि गेल्या. सेजल आत्याकडे यायची, पण कॅमेऱ्याला हात लावायची नाही. डिसेंबरात अनिलनं कॅलेंडरची गुंडाळी पाठवली तेव्हा ती स्टुडिओतच होती. फोटो उत्तम आला होता. खाली छापलं होतं: ‘छाया: कु. सेजल. देवाच्या कृपेने उजव्या हाताने काढलेले छायाचित्र.’

सेजलनं ते वाचलं. रडली नाही.

"आत्या, मी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "दुखत होतं म्हणून. मी बघतपण नव्हते."

सेजलनं कॅलेंडर उचललं, उलटं केलं, आता वर आलेल्या खालच्या कडेशी कागदातून खिळा आरपार घातला आणि भिंतीवर टांगून दिलं. वर नाव, खाली डोक्यावर पडलेली पालखी.

ते अजून तिथंच आहे. फोटोला बसलेलं गिऱ्हाईक हमखास सांगतं, तुळसाताई, कॅलेंडर उलटं लागलंय, देव डोक्यावर झालेत.

"लागलं नाय, लावलंय," तुळसा कॅमेऱ्यामागून म्हणते. "माझ्या भाचीनं. डाव्या हातानं. तुम्ही सरळ बसा."