चौथ्या मजल्याचं निवेदन

ऑपरेटरबाईंचा चेहरा हॉस्पिटलात फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता. जिन्याखालच्या खोलीत, टेलिफोनच्या बोर्डासमोर त्यांची बावीस वर्षं गेली होती. कॉरिडॉरमध्ये समोरून येणारे सर्जन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. पण "डॉक्टर, थिएटरमधून तिसऱ्यांदा फोन आलाय" एवढं त्यांनी फोनवर म्हटलं, की तेच सर्जन हातातला चहा ठेवून धावत सुटत. घरी या आवाजाला काडीची किंमत नव्हती. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. दिवसभर खरखर ऐकून कान किटलेत, आता तू जरा गप्प बस, असं तो आल्या आल्या सांगून टाकी. त्यांचं मन लावून ऐकणारं माणूस एकच, नणंद. ती त्याच हॉस्पिटलात नर्स होती. साऱ्या जगाची सिस्टर, यांची मात्र नणंदच, आणि नणंदेला शोभेल अशी जीभही तिला होती.

त्या वर्षी तापाची साथ आली आणि हॉस्पिटलची दाणादाण उडाली. आधी खाटा संपल्या, मग गाद्या, मग कॉरिडॉरमधली जमीन. निम्मा स्टाफ स्वतःच अंथरुणाला खिळला आणि उरलेला निम्मा दुप्पट ड्युट्या ओढू लागला. चौथ्या मजल्यावर, म्हणजे जिथे व्यवस्थापन बसे आणि जिथे साथ काही केल्या पोहोचली नाही, तिथे तीन दिवस बैठक चालली. खल करकरून असं निघालं की कर्मचाऱ्यांचं मनोबल खचलं आहे, आणि त्यावर औषध म्हणजे रोज सकाळी दहा वाजता स्पीकरवरून निवेदन.

पहिल्या दिवशी मोठे साहेब स्वतः बोलले. माइकला तोंड लावून बोलल्यामुळे प्रत्येक 'स'ची शिट्टी झाली, आणि भाषणात तर सेवा, समर्पण आणि सहकार्य यांचाच सुळसुळाट होता. मुलांचा वॉर्ड तेवढा खूश झाला. दुसऱ्या दिवसापासून ते काम ऑपरेटरबाईंच्या गळ्यात पडलं. मजकूर जनसंपर्क अधिकारी लिहून धाडायचा. हा गृहस्थ पूर्वी साबणाच्या जाहिराती लिहायचा, आणि तो फेस अजून ओसरला नव्हता. आपण सारे एक कुटुंब आहोत आणि मोठे साहेब आपल्या पाठीशी खंबीर उभे आहेत, असं रोज त्यात असे. पाठीशी म्हणजे चार मजले वर, एवढं बाई मनातल्या मनात जोडून वाचायच्या.

सहाव्या दिवशी सलग दुसरी ड्युटी संपवून नणंद जिन्याखाली आली आणि स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ते कुटुंब-बिटुंब राहू दे. सलाइनचे स्टँड कुठल्या वॉर्डात शिल्लक आहेत ते सांग. मी सकाळपासून तीन मजले पालथे घातले."

बाईंना ते ठाऊक होतं. साऱ्या हॉस्पिटलचे फोन त्यांच्याच बोर्डावरून जात. कुठे काय संपलं आणि कुणी काय दडवलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसे. दुसऱ्या दिवशी निवेदन वाचून झाल्यावर त्यांनी त्याच सुरात पुढे सांगितलं: स्टँड हाडांच्या वॉर्डात नऊ आहेत, मागची लिफ्ट बंद आहे, धुतलेल्या चादरी अकराला येतील. त्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला वॉर्डावॉर्डात लोक कान टवकारू लागले. कुटुंब संपेपर्यंत थांबत आणि मग कागद-पेन्सिल काढत.

चौथ्या मजल्यावर वाटलं, कुटुंबाची मात्रा लागू पडली. त्या भरात त्यांनी 'आजचा दीपस्तंभ' काढला. रोज एका कर्मचाऱ्याचा गौरव. पहिले दीपस्तंभ फर्निचर समितीचे अध्यक्ष, दुसरे साहेबांचे स्वीय सहायक. तिसऱ्या होत्या एक कारकूनबाई, ज्या साथीच्या पंधरा दिवस आधीपासून रजेवर होत्या. बाईंनी तिघांची नावं मुकाट्याने वाचली. चौथ्या दिवशी कागदावर खुद्द जनसंपर्क अधिकाऱ्याचंच नाव आलं, तेव्हा त्यांनी तो कागद पालथा ठेवला.

"आजच्या दीपस्तंभ, तापाच्या वॉर्डातल्या मावशी," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिफ्ट बंद असल्यामुळे काल त्यांनी चादरींचे एकोणीस गठ्ठे जिन्याने वर नेले."

मावशी अर्ध्या तासात घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या. आपल्या नावाने कसलीशी नोटीस निघाली एवढंच त्यांनी ऐकलं होतं. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"एकवीस होते," मग त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत निघून गेल्या.

दुपारी वरून बोलावणं आलं. मोठ्या साहेबांनी बावीस वर्षांत बाईंना पहिल्यांदाच पाहिलं, आणि आवाज एवढा भारदस्त अन् बाई एवढीशी, याचा त्यांना रागच आला असावा. शिस्त म्हणजे काय, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. शेजारी अधिकारी मान डोलावत उभा होता.

"कागदावर नसलेलं एक अक्षर वाचायचं नाही," साहेब म्हणाले. "आणि असलेलं एक अक्षर गाळायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. अधिकाऱ्याने तसं लिहून त्यांची सहीसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाईंनी कागद समोर धरला आणि सहीला जागून वाचला.

"प्रिय कुटुंबीयांनो. इथे थोडं थांबावं. तुमचे कष्ट पाहून साहेबांचा ऊर भरून येतो. इथे आवाज जड करावा. आम्ही प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. मागच्या वर्षीच्या निवेदनातून दोन ओळी इथे घालाव्यात. धन्यवाद. साहेबांना दाखवून घेणे."

बाईंचा आवाज कुठे हलला नाही. मग तापाच्या वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू जिन्याने खालीवर पसरत गेलं. ताप उतरलेले पेशंट हसले, न उतरलेलेही हसले. मास्कच्या आड हसता हसता नणंदेला खोकला लागला. चौथ्या मजल्यावर कुणी हसलं नाही. पण बाईंवर काही कारवाईही करता येईना, कारण त्यांनी हुकूम शब्दशः पाळला होता आणि फायलीत तशी सही होती. त्यानंतर वरून कागद येणंच बंद झालं. बाई लिफ्ट, स्टँड, चादरी तेवढ्या सांगत राहिल्या आणि रोज एका कुणाचं तरी नाव घेत राहिल्या: चादरी धुणारे भट्टीवाले, लॅबवाले, झाडूवाल्या.

साथ ओसरली. साथीत पाहणी करून गेलेल्या आरोग्य खात्याचं पत्र आलं की संकटकाळात या हॉस्पिटलची स्पीकरवरची दैनिक माहिती अत्यंत स्पष्ट आणि उपयुक्त होती, सबब मोठ्या साहेबांचा सत्कार करण्यात येत आहे. साहेबांनी तो नम्रपणे स्वीकारायचं ठरवलं. जोडीला साथीत राबलेल्या चौदा कर्मचाऱ्यांना प्रशस्तिपत्रकं द्यायचीही ठरली. समारंभ सकाळी अकराला, म्हणजे वॉर्डात राउंड चालू असताना, सभागृहात ठेवला. नावं पुकारायला अर्थातच ऑपरेटरबाई, त्यांच्या जिन्याखालूनच.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. सभागृहात कुणी उठलं नाही. त्यांनी क्षणभर वाट पाहिली.

"ड्युटीवर आहेत," त्या म्हणाल्या.

दुसरं नाव नणंदेचं होतं. तीही ड्युटीवर होती. मावशी ड्युटीवर होत्या, भट्टीवाले, लॅबवाले, सगळे ड्युटीवर होते. खुर्च्यांवर फर्निचर समिती आणि स्वीय सहायक टाळ्यांसाठी हात तयार ठेवून बसले होते. मोठे साहेब प्रत्येक नावाला प्रशस्तिपत्रक उचलत आणि तसंच परत टेबलावर ठेवत. चौदावं नाव बाईंचं स्वतःचं होतं. तेही त्यांनी त्याच सुरात पुकारलं आणि पुढे तेच दोन शब्द जोडले.

संध्याकाळी शिपायाने चौदाही कागद जिन्याखाली आणून टाकले. वाटण्याचं काम तुमचंच, असा निरोप होता. बाईंच्या कागदावर 'ध्वनी विभाग' असं छापलं होतं. असा विभाग हॉस्पिटलात नव्हता. घरी नवऱ्याने तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला. मग त्याने रेडिओ बंद केला आणि आज नेमकं काय काय झालं, असं विचारलं. बाईंनी सांगायला सुरुवात केली. तो मध्ये एकदाही गप्प बस म्हणाला नाही.