फक्त महाराष्ट्रातून

आमच्या घराला मराठीपणाचा जरा जास्तच तोरा आहे. बालाघाटात राहून तीन पिढ्या मध्य प्रदेश सरकारची नोकरी केली, शाळा हिंदीतून शिकलो, गल्लीतली भांडणं हिंदीतून केली, पण कुणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचं, आम्ही मराठी. या तोऱ्यानं एका शुक्रवारी सकाळी माझं नाक कापलं.

मी नागपूरच्या एका कंपनीचं काम घरून करतो. तिथल्या काही प्रयोगशाळांचे तपासणी रिपोर्ट पेशंटना आमच्या साइटवर घरबसल्या बघता येतात. या साइटचे छोटे छोटे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यांत चालतात, आणि ते सगळे डबे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या गोतावळ्याला क्लस्टर म्हणतात. एखादा डबा बंद पडला की क्लस्टर न कुरकुरता लगेच दुसरा उभा करतो. आमच्या घरात असं कुणी नाही. आई गेल्यापासून मी आणि बाबा दोघंच. कुकर मी लावतो आणि कुरकुर दोघंही करतो.

गेल्या हिवाळ्यात मॅडमनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, फर्मान काढलं की आता सगळ्यांनी नागपूरच्या ऑफिसात यायचं. मी हातापाया पडलो. त्या म्हणाल्या, "क्लस्टरवर सुरक्षेचा गेटवे बसवायचा आहे. ते काम तुम्ही तिथून नीट करून दाखवा, मग तुमचं बघू. गडबड झाली तर एक तारखेपासून इथे." बाबांना साखर आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं, आणि चहापलीकडे त्यांना स्वयंपाक येत नाही. त्यांना एकटं टाकून जाणं मला जमणार नव्हतं आणि नोकरी सोडणंही परवडणार नव्हतं. त्यांना उगाच घोर नको म्हणून मी यातलं एक अक्षर बोललो नाही.

गेटवे म्हणजे काय, एवढं मात्र सांगावं लागलं. साइटवर येणारा प्रत्येक जण एकाच दारातून येणार, तिथे त्याची तपासणी होणार, आणि नियमात बसला तरच आत जाणार. बाबा वनखात्यात नाकेदार होते. सारी हयात जंगलाच्या नाक्यावर लाकडाचे ट्रक तपासण्यात गेली.

"मंग नाका म्हण ना सरळ," ते म्हणाले.

"हौ बाबा, नाकाच."

झालं. त्या दिवसापासून मला एक वरिष्ठ अधिकारी मिळाला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या शेजारी बसायचे आणि आज बॅरिअर पडला का, म्हणून विचारायचे. एकदा म्हणाले, "नाका टाकाच्या आधी त्या रस्त्यानं कोण कोण जाते थे पाहा लागते. तू पाह्यलं का?" मी म्हटलं, "बाबा, थे सगळं मशीन पाहते." शिकलेल्या पोरानं बापाला द्यायचं असतं तसलंच उत्तर.

आठवडाभरात गेटवे क्लस्टरवर चढला. मॅडमचा निरोप होता की परदेशातून लोक सारखे आपलं दार हलवून बघतात, आपले पेशंट सगळे इथले, तेव्हा फक्त महाराष्ट्रातून येणाऱ्यालाच आत घ्या. इंटरनेटच्या पत्त्यावरून माणूस कुठून येतोय ते गेटवेला कळतं, त्यामुळे मी एका ओळीत नियम लिहिला. मागचं दार राहू नये म्हणून आम्हा काम करणाऱ्यांची वाटही त्याच गेटवेतून नेली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शुक्रवारी सकाळी दहाला नियम लागू केला. नागपूरच्या सहकाऱ्यानं कळवलं, एकदम मस्त चालू आहे. मॅडमनी अंगठा पाठवला. मी ऐटीत साइट उघडली आणि समोर आलं, 'प्रवेश नाही.'

आधी मी ब्रॉडबँडवर संशय घेतला. आमच्याकडे हा संशय सहसा वाया जात नाही. वायफायचा डबा बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला, दोघांनाही शिव्या घातल्या. बाबा चष्म्यावरून बघत होते.

"का झालं?"

"मलेच आत जाऊ देऊन नाही राह्यलं."

"नियम का लिवला तू?"

"फक्त महाराष्ट्रातून येईल त्यालेच सोडाचं."

बाबांनी कप खाली ठेवला. "आन आपण कुठं हाओत?"

लहानपणापासून प्रत्येक फॉर्मवर मी राज्य म्हणून मध्य प्रदेश लिहीत आलो आहे. पण दिवसभर नागपूरच्या मराठी माणसांशी मराठीत बोलायचं, कधीमधी गोंदियाला लग्नाला जाऊन यायचं, या सगळ्यात मधे एक सीमा आहे हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. "लय नाकेदार पाह्यले म्या. पन सोताच बाहेर उभा राहून बॅरिअर टाकनारा तूच पह्यला."

मॅडमना फोन केला असता तर नागपुरात बसून त्यांनी दोन मिनिटांत नियम काढला असता. पण तो फोन म्हणजे माझं नागपूरचं तिकीट होतं. मी गोंदियाचा विचार केला. गोंदिया महाराष्ट्रात, मोटारसायकलनं तासाभरावर, आणि तिथे माझ्या आत्याच्या घरी वायफाय. मी गाडी काढली तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "मीबी येतो. बहिनीले भेटून लय दिवस झाले." वाद घालायला वेळ नव्हता. रजेगावच्या पुढे सीमेवरचा बाघ नदीचा पूल ओलांडला तसे मागून म्हणाले, "चाल, आता झाला तू खरा मराठी."

बाबांनी निघतानाच फोन केला होता, त्यामुळे आत्यानं दार उघडलं ते तोंड सुरू करूनच. "काम कराले गोंदियाले आला? बालाघाटात लाइट नाही का गा?" मी तिला नमस्कार केला आणि लॅपटॉप उघडला. साइट गुपचूप उघडली. मी नियमात आमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता तेवढा घातला. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. बाबा आणि आत्या स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. मी चिवड्याची बशी जवळ ओढली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला आणि ते स्पीकर लावून बाहेर आले. बालाघाटच्या आमच्या शेजारच्या काकू. त्यांच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट नागपूरहून आज येणार होता. "मोबाइलवर उघडूनच नाही राह्यला जी. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. तुमच्या पोराले पुसा ना."

बाबांनी फोन ठेवला. या वेळी ते हसले नाहीत. "आपल्या घराचंच दार उघडलं का तू?"

मला माझी लाज वाटली. बालाघाट असो, वारासिवनी असो की किरनापूर, दुखणं मोठं निघालं की आमच्याकडचा माणूस नागपूरच गाठतो. आईला घेऊन मी दोन वर्षं तेच केलं. तिचे रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघं जेवायचो नाही. अख्ख्या कंपनीत ही गोष्ट ज्याला ठाऊक असायला हवी होती तो मीच, आणि मी आपलं घर तेवढं सोडवून चिवडा खात बसलो होतो.

मी मॅडमना फोन लावला आणि गोंदियासकट सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"बालाघाट मध्य प्रदेशात आहे?"

"हो मॅडम."

"मला वाटायचं भंडाऱ्याच्या पुढे कुठेतरी असेल. तुमचं बोलणं ऐकून कधी शंकाच आली नाही."

मी सांगितलं की बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, इकडचे कितीतरी पेशंट नागपुरालाच येतात आणि ते सगळे सकाळपासून दाराबाहेर आहेत. त्या म्हणाल्या, आधी सगळा देश उघडा, मग बोलू. मी उघडला. दहा मिनिटांत काकूंचा फोन आला. गाठ साधी निघाली होती. काकू रडत होत्या आणि हसत होत्या. नंतर मॅडमचा आला.

"नियम माझा होता," त्या म्हणाल्या. "इथे एवढे जण बसलोय, एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही तिथेच राहा. इथून पुढे नवा नियम आला की आधी तुमच्या घरून तपासायचा."

मी बहुधा चारदा थँक्यू म्हणालो.

निघताना बाबा बाहेर चपला घालत होते. आत्यानं मला दाराआड ओढलं. "दादा मले मागच्या खोलीचं पुसत होता. म्हने, पोराले नागपूरले जा लागते, माह्यापायी अडकून पडला. मी तुह्याकडं राहीन, मंग थो मोकळा होईल." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी हौ म्हनलं गा. का म्हनू?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. फोनवर आपण हळू बोलतो असा माझा समज होता.

गोंदिया मागे पडलं तसा मी गाडीचा वेग कमी केला. मग म्हटलं, "बाबा, मी नागपूरले जाऊन नाही राह्यलो. घरूनच काम करा म्हने मॅडम."

रस्त्याच्या कडेच्या धानाच्या दोन-तीन बांध्या मागे गेल्या.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुही आत्या पाच वाजता उठवते सगळ्याइले. आठ दिस झाले, मले झोप नाही या धाकानं."

त्यांचा आवाज नीट नव्हता. चष्मा पुसायचा म्हणून मी गाडी कडेला घेतली. बाबांनीही आपला काढून पुसला.