साडी वर खोचलेलं घर

नदीकाठी आमचं नवं घर खांबांवर उभं राहतंय. इथे बांधायचं तर राहायचा मजला पुराच्या पाण्याहून वर हवा आणि खाली पाण्याला वाट मोकळी हवी, असा नियमच आहे. काल समोरून पाहिलं आणि मला हसू फुटलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ओढा ओलांडायला निघालेली बाई दिसावी, तसं ते दिसत होतं.

मग आठवले माझेच प्रताप. मी नवी नवरी, अंगावर शालू आणि सासरच्या वाटेवर ओढ्याला पाणी. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, वर खोच." पण ही शहाणी ऐकते कुठली? चारचौघांत घोटे दिसतील म्हणून शालू तसाच पाण्यात सोडला. त्यात पाय अडकले आणि बाईसाहेब ओढ्यातच बसल्या. घोटे झाकले गेले खरे, पण अख्खं वऱ्हाड हसत होतं.

तेवढ्यात सून मागे येऊन उभी राहिली. गेल्या पुरात जुनं घर तिच्या डोळ्यांदेखत पडलं होतं, तरी तिला काळजी माझ्या गुडघ्यांची.

"आई, एवढा जिना तुम्हाला कसा झेपणार? मजला थोडा खाली घ्यायला सांगू का?"

"काही नको. गुडघे कुरकुरतील आणि चढतील. वरून शेजारणींच्या घरातलंही दिसेल."

"पण मजला एवढा वर हवा, हा नियम काढला तरी कुणी?"

"नियम माझ्या सासूबाईंचाच आहे," मी म्हटलं. "पोरी, वर खोच."

सुनेने गोंधळून आधी स्वतःच्या साडीकडे पाहिलं.