सिद्धगडाच्या पायथ्याशी आफ्रिका

शुक्रवारी भल्या सकाळी डोंबिवलीहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत काय काय होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढच्या गोंधळाचं खापर कुणावर फोडायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. एक जुना रेडिओ, तांब्याच्या तारेचं भलंमोठं भेंडोळं, हातोडी, शिवणाची टेप आणि ब्लाउजच्या कापडाच्या उरलेल्या लाल चिंध्या. मी घरी शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे टेप आणि चिंध्या माझ्या कुठल्याही पिशवीत सापडतात. दारात नवऱ्याने विचारलं, "परत कधी?" म्हटलं, "आफ्रिका लागली की." तो जांभई देत दार लावून पुन्हा झोपायला गेला. संसाराला इतकी वर्षं झाली की माणूस कुठल्याही वाक्याला सरावतो.

आता हा आफ्रिकेचा काय प्रकार? तर लांबलांबची रेडिओ केंद्रं पकडणं हा माझा छंद. रेडिओवर एएम लिहिलेला जो पट्टा असतो, ज्यात हल्ली फक्त खरखर येते असं सगळे म्हणतात, त्याच खरखरीत मी कान घालून बसते. दिवसा त्या लहरी गावाच्या वेशीपलीकडे फारशा जात नाहीत. अंधार पडला की मात्र वरच्या हवेवर आपटून समुद्र ओलांडून येतात, आणि उजाडताना काही मिनिटं तर अशा काही उमलून येतात की अंगावर काटा उभा राहतो. केंद्राने स्वतःचं नाव उच्चारलेलं आपण कानांनी ऐकलं, तरच ते पकडलं म्हणायचं. नुसतं गाणं ऐकून मिरवणाऱ्याला आमच्यात कुणी विचारत नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या एका बेटावरचं एक चिमुकलं केंद्र मला कित्येक वर्षं चकवत होतं. ढोल ऐकू यायचे, कुणीतरी स्वाहिलीत बोलायला लागायचं, आणि नाव घ्यायच्या वेळी आमच्या सोसायटीतल्या कुणीतरी मोटर चालू केलीच म्हणून समजा! अन् त्या आठवड्यात बातमी आली की येत्या रविवारी ते केंद्र एएमवरून कायमचं बंद होणार. हाती शनिवार आणि रविवार अशा दोनच पहाटा होत्या. शहरात एलईडीचे दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांच्या कलकलाटात आफ्रिका ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून ही स्वारी निघाली.

पहिला मुक्काम शहापूरजवळच्या सापगावात धरला होता. क्लासमधल्या एका मुलीचं तिथे माहेर. अंगण ऐसपैस, मागे भाताची मोकळी शेतं, बघून जीव हरखला. पण रेडिओ लावला तर गुर्रर्र! घरात इन्व्हर्टर, दारात विजेचा खांब, शेजारी पिठाची गिरणी. मुलीची आई म्हणाली, "ताई, बिघडलाय वाटतं. टीव्ही लावू का?" मी कपाळाला हात लावला. जेवताना त्यांनीच उपाय सुचवला, "सिद्धगडाखाली जा. तिथं लाइट असून नसल्यासारखी. आमच्याकडं वाल घेऊन येतात ते जानूदादा तिथलेच, त्यांना फोन करते." वालाचं बिरडं खाऊन मी तशीच एसटीत चढले.

किन्हवलीला गाडी बराच वेळ थांबली. स्टँडवर गरम वडा खात होते, तर शेजारच्या बाकावरची एक काकू माझ्या भेंडोळ्याकडे टक लावून बघत होती.

"वायरमनचं काम करतेस काय गो?"

"नाही हो काकू. आफ्रिका ऐकायला चाललेय."

"तिकडं लेक दिलीय काय?"

मी नाही म्हटलं, तर तिने अगदी मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच्या पिशवीतली दोन बोरं काढून दिली. तिला माझी दया का आली ते मी मुद्दामच विचारलं नाही.

मुरबाडहून खच्चून भरलेली जीप मिळाली. तिने डांबरी रस्ता संपला तिथे सोडलं. पुढे पायवाट, शेतांचे बांध आणि समोर सिद्धगडाचा काळाभोर डोंगर. वाडीचं नाव मात्र सांगणार नाही. आम्ही छंदिष्ट लोक चांगली जागा सापडली की तोंड शिवून घेतो. वाडी दोन भागांत आहे एवढं सांगते. चढावर वरची वाडी, उतारावर खालची. जानूदादा खालच्या वाडीत राहतात. साठीकडे झुकलेले, काटक, बोलायला मोजके. त्यांनी पडवीत (घरापुढच्या छपराखालच्या जागेत) माझी सोय केली आणि म्हणाले, "काय करायचं ते करा, बाय. शेतं मोकळीच हायत."

मी लगेच कामाला लागले. तार जमिनीपासून हातभर वर, नैऋत्येकडे तोंड करून सरळ बांधायची होती, कारण आफ्रिका त्या अंगाला. मोबाइलमधल्या होकायंत्रात बघून दिशा धरली, टेपने अंतर मोजलं, लाकडी खुंट्या ठोकल्या. गुरं तारेत अडकू नयेत म्हणून प्रत्येक खुंटीला एक लाल चिंधी बांधली. चाळीसेक माणसं बांधावर बसून हे सगळं अगदी गुपचूप बघत होती. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं!

रात्री पानात कोंबडीचा रस्सा आणि नागलीची (नाचणीची) भाकर आली. मी संकोचून गेले. एका रेडिओवेड्या बाईसाठी कोंबडी? शेजारच्या घरातूनही वाटीभर सुकट आली. जानूदादांची बायको हिराबाई सारखी वाढत होती आणि म्हणत होती, "खा गो, दमली असशील मोजून मोजून." तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती!

शनिवारी पहाटे पडवीत शाल गुंडाळून कानाला हेडफोन लावले. खरखर कमी होती, पण सगळ्या पट्ट्यावर एकच आवाज, टक्, टक्, टक्. शेजारच्या शेतात वाल होते आणि त्यांच्याभोवती झटका मशीन (रानडुकरांना हलका धक्का देणारी विजेची तार) लावलेलं होतं. त्याचा प्रत्येक ठोका माझ्या कानात पडत होता. ते बंद करा म्हणायची सोय नाही, एका पहाटेत डुकरांनी शेत साफ केलं असतं. त्या टकटकीमागे आफ्रिका कुठे औषधालाही सापडेना. वैतागून बाहेर आले तर बघते, तारेने दिशाच बदललेली! दुसरं टोक नैऋत्य सोडून चक्क चढावर वरच्या वाडीकडे गेलं होतं. खुंट्या नीट ठोकलेल्या, चिंध्यासुद्धा व्यवस्थित बांधलेल्या.

मी तार पुन्हा जागेवर नेली. चहा पिऊन येते तोवर ती परत वर! पुन्हा खाली आणली. जेवून उठते तर आता खालच्या वाडीतल्या कुणीतरी ती आपल्या गोठ्यापाशी वळवलेली. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांची शेतात जुंपली. वरच्या वाडीतली बायजाबाई, सत्तरीची, डोक्याला पदर घट्ट बांधलेली, ती तर शेवटच्या खुंटीजवळ फतकल मारूनच बसली.

"हितनंच न्या. नायतर मी उठायची नाय."

"अहो, काय न्यायचं?" मी ओरडले.

"सडक! आमाला काय कळत नाय? टेप लावलीस, लाल फडकी बांधलीस, मोबायलात बघून लाइन धरलीस. खालच्यांनी कोंबडी घातली म्हणून सडक त्यांच्या दारातून नेतेस व्हय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी यांच्या लेखी रस्त्याची मोजणी करायला आलेली सरकारी बाई होते. मी हसत सुटले, आणि बायजाबाईचं तोंड बघून गप्प झाले. तिच्या सुनेला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा डोलीत घालून जीपच्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. पोर वाटेतच झालं. ते जगलं हे नशीब, असं ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं आणि माझ्या आफ्रिकेची थोडी लाजही वाटली.

मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. रस्त्याशी माझा काही संबंध नाही, मी शिवणाचे क्लास घेते, उद्या पहाटे एक रेडिओ केंद्र शेवटचं बोलणार आहे, ते ऐकायला आले आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही.

"रेडिओ ऐकाया एवढ्या लांब कोण येतंय?" जानूदादा हळूच म्हणाले. "घरी नाय का रेडिओ?"

उद्याची शेवटची पहाट हातची जाणार हे दिसत होतं, आणि माझं डोकं अशा वेळीच चालतं. कापड अपुरं असलं की आम्ही पट्टी फिरवून बेततो, तसंच इथे करायचं ठरवलं. म्हटलं, तार वरच्या वाडीत बायजाबाईंच्या अंगणातून सुरू करू आणि सरळ उतारावरून खालच्या वाडीतून नेऊ. तोंड नैऋत्येकडेच राहतं, आणि दोन्ही वाड्या लाइनीत येतात. दोन्ही बाजू खूश. रेडिओ आता वरच्या अंगणात, झटका मशीनपासून लांब. खुंट्या ठोकायला इतकी माणसं धावली की मला हातोडीला हात लावावा लागला नाही.

रविवारी पहाटे बायजाबाईच्या अंगणात शेकोटीभोवती सगळी वाडी जमली. खरं-खोटं करायलाच आले होते सगळे. म्हणून मी हेडफोन काढून टाकले आणि रेडिओ मोठ्याने लावला. टकटक जवळजवळ गेली होती. नुसती सळसळ. पूर्वेला डोंगराची कड उजळायला लागली आणि मी रेडिओला कान भिडवला, कारण दिवस वर आला की खेळ खलास. कुणीतरी खोकलं, तर बायजाबाईनेच त्याला दटावलं, "गप रे!"

आणि आले. ढोल! आधी लांबून, मग जवळ आल्यासारखे, मग अगदी अंगणात. मग एक माणूस बोलायला लागला, सावकाश, जड आवाजात. त्याने केंद्राचं नाव घेतलं, एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा. स्वच्छ! मी उभी राहून टाळ्या पिटल्या, हिराबाईला मिठी मारली, आणि रडलेसुद्धा. थोड्या वेळाने आवाज विरत गेला आणि पुन्हा खरखर सुरू झाली.

मग बायजाबाईने विचारलं, "झालं?"

"झालं."

"सडकेचं काय बोलला तो?"

"काही नाही हो, आजी."

"मग खरंच तू सडकेची नायस." तिने शेकोटीतलं लाकूड आत सारलं. मी मान खाली घालून तार गुंडाळायला उठले, तर तिने माझा हात धरला. "थांब गो. तुझं काम झालं ना? तार राहू दे हितंच. खुंट्या पण."

"पण आजी, मी सरकारी नाही हे सांगितलं ना तुम्हाला?"

"तू सांगितलंस. खुंट्या काय बोलतात थोड्याच?"

सगळी वाडी फिदीफिदी हसायला लागली आणि मला उगीच वाटलं की इतका वेळ या लोकांनी मला खेळवलं तर नाही? चांगली जाड तांब्याची तार होती हो! पण मी ती सोडून आले. येताना पिशवी हलकी झाली होती, आणि वालाच्या शेंगांनी पुन्हा जड करून दिली गेली.

आता ते केंद्र बंद आहे. त्या जागी काटा नेला की नुसती हवा वाजते, तरी मी अधूनमधून नेतेच. छंदवाल्या मंडळींनी कुठे ऐकलंस, कुठे ऐकलंस म्हणून भंडावून सोडलं. मी सापगाव सांगितलं.

काही महिन्यांनी क्लास भरलेला असताना जानूदादांचा फोन आला. दुसऱ्याच कुठल्या कामासाठी एक साहेब वाडीत आला होता. खुंट्या आणि लाल फडकी बघून त्याला वाटलं, आधीच्या साहेबाने लाइन धरून ठेवलीय. कुणीही त्याची चूक दुरुस्त केली नव्हती. तो म्हणे उतार बरोबर साधलाय म्हणून खूश झाला, त्याने माणसं आणली आणि आता त्याच खुंट्यांवरून सडकेची खरीखुरी मोजणी चालू होती.

"आता साहेब विचारतात बाय, लाइन कुठं जायची म्हणून धरलीय? समोरच उभे हायत. काय सांगू?"

मी शिलाई मशीन थांबवलं. "सांगा, आफ्रिकेला."

मग जानूदादा हळू आवाजात म्हणाले, "आफ्रिका नको, बाय. मुरबाडपर्यंत झाली तरी बास."