झिजलेल्या जबड्याचा फोटो

पुण्याहून पौडला येताना एसटीत एक म्हातारी माझ्याशेजारी बसली. डॉक्टर परत बसवतील म्हणून तिने पडलेले दात कित्येक वर्षं पदराच्या टोकाला बांधून जपले होते. आज दवाखान्यात जबड्याचा फोटो काढला, तेव्हा तिला खरं कळलं.

खिडकीच्या उजेडात तो काळा फोटो धरून ती बोट फिरवत म्हणाली, "दात गेलं तिथलं हाड बी झिजून सपाट झालंया. कवळीसुदीक बसायची न्हाई म्हनं."

मी बुजतच विचारलं, "आजी, दुखतं का?"

"न्हाई गं बाय. सून भाकर कुस्करून देती, बारक्या पोरावानी. कडक पापुद्रा चावल्याचा आवाज इसरले बग."

माझ्या फडक्यात भाकरी होती आणि भूकही लागली होती. म्हातारी फाट्यावर उतरेपर्यंत मी फडक्याची गाठ सोडली नाही.